गोबी म्हणजे कोबी नव्हे

साताऱ्यात मंचुरियन म्हणजे गोळे. किसलेला कोबी, थोडं गाजर, मैदा आणि कॉर्नफ्लॉवर हातानं आवळून तळलेले, सुपारीहून जरा मोठे गोळे. लाल ड्रॅगन रंगवलेल्या गाडीवर संध्याकाळी ते मिळायचे, शेजारी चायनीज भेळेचा डोंगर असायचा आणि मागे कढईखालच्या भट्टीचा घोंघाट. नोकरीसाठी बंगळूरला आले त्या पहिल्याच संध्याकाळी जयनगरच्या एका कोपऱ्यावर तसाच ड्रॅगन दिसला आणि मला हायसं वाटलं. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. पण चायनीज आपलंच की.

गाडीवाल्या अण्णांनी विचारलं, "गोबी?" मी मान डोलावली. गोबी म्हणजे कोबी, म्हणजे आपले गोळे. मग त्यांनी विचारलं, "खारा बेका?" बेका म्हणजे 'हवं का' एवढं ऑफिसात कानावर पडलं होतं. संध्याकाळच्या खाण्यात वरून मीठ कशाला? म्हटलं, "नको नको, खारा नको."

प्लेट आली तेव्हा तिच्यात गोळे नव्हते. फ्लॉवरचे तुरे होते, लालभडक, कुरकुरीत. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, तळलेला कढीपत्ता, लिंबाची फोड आणि खोचलेल्या दोन काड्या. मीठ व्यवस्थित होतं, तिखटाचा मात्र पत्ता नव्हता. कन्नडमध्ये खारा म्हणजे तिखट, हे दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीनं सांगितलं आणि पोट धरून हसली.

तिला मी दुसरी फजिती सांगितलीच नव्हती. त्याच सकाळी एका दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या स्वच्छ, स्वस्त आणि घाईच्या हॉटेलात, इंग्रजी फलकावर 'चौ चौ बाथ' वाचून मी ते मागवलं होतं. चाऊमीन आणि भात यांचं काहीतरी असणार, असा हिशेब. समोर आल्या दोन मुदी: एक उपम्याची, एक शिऱ्याची. खाराबात आणि केसरीबात शेजारी शेजारी बसले की चौचौबात. हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या जुन्या कोशात चौ-चौ हा चिनी बंदरांमधल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीतला शब्द दिला आहे, मिश्र लोणच्या-मुरंब्यांसाठी वापरला जाणारा. तिखट उपमा आणि गोड शिरा यांच्या जोडीला तो शोभतो खरा. थोडक्यात, ज्याला चिनी समजले ते उपमा-शिरा निघालं आणि ज्याला साताऱ्याचं समजले ते कानडी.

अण्णांच्या त्या प्लेटचं इथलं पूर्ण नाव गोबी मंचुरी. त्या नावाकडे जरा नीट बघा. फ्लॉवरला कन्नडमध्ये हूकोसु म्हणतात, पण गाडीवर कुणी हूकोसु मंचुरी मागत नाही. गोबी हिंदीतून आली. आपण मराठीत त्याच भाजीला फ्लॉवर म्हणतो, ते इंग्रजी. आणि आपला कोबी पोर्तुगिजांच्या 'कोव्ह'पासून आला. कोबी आणि गोबी एकाच घराण्यातल्या, पण महाराष्ट्रातल्या गाडीनं पानांची बहीण उचलली आणि कर्नाटकातल्या गाडीनं फुलांची. फ्लॉवर तरी इथला कुठे? १८२२मध्ये इंग्रजांनी त्याचं बी आणून सहारनपूरच्या कंपनी बागेत लावलं. उरला 'मंचुरी'. मांचुरिया हा चीनचा ईशान्य कोपरा, कडाक्याच्या थंडीचा. तिथल्या माणसाला हा पदार्थ दाखवला तर तो मी चौचौबातकडे पाहिलं तसाच पाहील.

मग हा आला कुठून? वाट कलकत्त्यावरून जाते. अठराव्या शतकाच्या अखेरीस, वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, टोंग अच्यू नावाच्या चिनी माणसाला हुगळीकाठी बजबजजवळ जमीन मिळाली. त्यानं तिथं उसाची लागवड केली, साखरेचा कारखाना काढला. त्या गावाला आजही अच्छीपूर म्हणतात. त्याच्यामागून कॅन्टनकडचे सुतार आले, हुबेईचे दात बसवणारे आले आणि हाक्का आले, ज्यांनी पुढे टांगऱ्याला चामडं कमावण्याचे कारखाने काढले. हाक्का हे लोकांच्या एका समूहाचं नाव आहे, शेवयांच्या प्रकाराचं नाही. आपण मात्र 'एक हाफ हाक्का' असं बिनदिक्कत मागवतो. १९६२च्या भारत-चीन युद्धाच्या सुमारास देशातल्या चिनी वंशाच्या, बऱ्याचशा इथंच जन्मलेल्या सुमारे ३००० माणसांना उचलून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं गेलं. सुटून आल्यावर अनेकांचं घरदार गेलेलं होतं. काही इथंच राहिले, बरेच देश सोडून गेले. ज्यांचं जेवण साऱ्या देशानं आपलंसं केलं, त्या माणसांना मात्र परकं ठरवलं गेलं. चायनीजच्या गप्पांत हे क्वचितच निघतं.

पुढचा टप्पा मुंबई. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग १९७५मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात खानपान सांभाळत होते. त्यांनी स्वतः सांगितलेली हकिकत अशी: एका गिऱ्हाइकानं यादीत नसलेलं काहीतरी मागितलं. वांग यांनी आपल्याकडच्या कुठल्याही रश्शाची सुरुवात करावी तसं आलं, लसूण आणि हिरवी मिरची परतली. मग गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस ओतला, कॉर्नफ्लॉवरनं दाट केलं आणि त्यात तळलेल्या कोंबडीचे तुकडे सोडले. हे झालं चिकन मंचुरियन. नंतर त्यांनी केम्प्स कॉर्नरला चायना गार्डन काढलं आणि ते नावाजलं. मला या हकिकतीत फोडणी महत्त्वाची वाटते. सोया सॉस बाजूला ठेवला तर मंचुरियनचा सांगाडा चिनी नाहीच, तो आपल्या रोजच्या कालवणाचा आहे. म्हणूनच कोंबडी काढून कोबी, फ्लॉवर, पनीर, मशरूम, काहीही घातलं तरी तो कोसळत नाही. कांदा-लसूण काढून जैन मंचुरियनही होतं, तेव्हा सांगाड्यातही फारसं काही उरत नाही, पण मागणी असते.

शेजवानचं प्रकरण याहून मजेशीर. मुंबईच्या ताजमध्ये १९७३मध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचं तिखट जेवण भारतात आलं. सिचुआनचं शेजवान झालं, शेजवानची चटणी झाली, चटणी डोशावर पसरली गेली, वड्यापावात गेली. जानेवारी २०२४मध्ये टाटा कन्झ्युमरनं ही चटणी बाटलीत भरून विकणारी कॅपिटल फूड्स ही कंपनी ५१०० कोटी रुपयांना घेत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे प्रकरण गाडीपुरतं राहिलेलं नाही.

पण खऱ्या सिचुआन स्वयंपाकाची ओळख ज्या मसाल्यानं होते, तो आपल्या शेजवानमध्ये नसतोच. त्याला तिकडे हुआजियाओ म्हणतात. मी तो बंगळुरातच पहिल्यांदा चाखला. इथं कामानिमित्त चिनी इंजिनियरही येऊन राहिलेले आहेत (हुआवेनं १९९९मध्येच इथं संशोधन केंद्र काढलं), आणि शोधलं तर कांदा-कॅप्सिकमच्या पलीकडचं चिनी जेवणही सापडतं. अशाच एका ठिकाणी एका मित्रानं मापो टोफू मागवला. दुसऱ्या घासाला ओठ बधिर झाले, मग झिणझिण्या आल्या. मित्र माझ्या चेहऱ्याकडे बघत होता, मी घाबरेन म्हणून. मी घाबरले नाही, कारण ही झिणझिणी माझ्या ओळखीची होती. मालवणच्या आजीच्या बांगड्याच्या तिखल्यातली. तिरफळं!

ओळख खरी निघाली. तिरफळ आणि हुआजियाओ एकाच वंशातले, झँथोझायलम. दोन्ही झाडं काटेरी, दोन्हींच्या फळांची साल वापरायची आणि काळं बी टाकून द्यायचं. कोकणात, गोव्यात आणि कानडी किनाऱ्यावर तिरफळ माशांच्या कालवणात शतकानुशतकं पडत आलं आहे. त्या झिणझिणीचं कारण सांशूल नावाचं द्रव्य. ते स्पर्श ओळखणाऱ्या नसांनाच चाळवतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २०१३मध्ये दाखवलं की हुआजियाओ ओठाला लावल्यावर माणसाला सेकंदाला सुमारे ५० कंपनं झाल्यासारखं जाणवतं. मुंबईच्या माणसाला सिचुआनच्या जवळ जायचं असतं तर मासळी बाजाराबाहेर तिरफळं विकायला बसलेल्या बाईकडून चार आण्याची घेतली असती तरी काम झालं असतं. ते कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि शेजवान म्हणजे लसूण-लाल मिरची असं ठरून गेलं. मिरची तरी कुणाची? ती अमेरिकेतून निघालेली, आपल्याकडे पोर्तुगिजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात आली आणि चीनमध्येही त्याच शतकात पोहोचली.

आता पुन्हा जयनगरच्या गाडीवर. महिन्याभरात अण्णांशी चांगली ओळख झाली होती. मी 'खारा जास्ती' म्हणायला शिकले होते आणि ते मला 'अक्का' म्हणू लागले होते. गाडीपाशी उभं राहून बघण्यासारखं बरंच असतं. फ्लॉवरचे तुरे दुपारीच मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यातून काढलेले असतात. त्यामुळे अळ्या सुटतात आणि फ्लॉवरचा उग्र वासही मवाळ होतो. मग मैदा, कॉर्नफ्लॉवर, आलं-लसणाचं वाटण आणि तिखट यांच्या पिठात घोळवून पहिलं तळण. ते तुरे चाळणीत ढीग करून ठेवतात. गिऱ्हाईक आलं की दुसरं तळण, जास्त तापलेल्या तेलात. पहिल्या तळणात आतली वाफ निघते आणि भाजी शिजते. थंड होताना आतला ओलावा हळूहळू कवचाकडे येतो, तो दुसऱ्या तळणात उडून जातो. म्हणून गोबी सॉसमध्ये परतल्यावरही पाच-सात मिनिटं कुरकुरीत राहते. त्याहून जास्त नाही. पार्सल घेऊन घरी जाणाऱ्यांची मला दया येते.

कॉर्नफ्लॉवर हे नाव आपण फुलासारखं लिहितो, पण तो मक्याचा निव्वळ स्टार्च. मैद्यात ग्लुटेन असतं, ते चिवटपणा आणतं. स्टार्चमध्ये ते नाही, म्हणून कवच ठिसूळ होतं. हाच स्टार्च पाण्यात कालवून सॉसमध्ये टाकला की ७० अंशांच्या आसपास त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि पातळ पाण्याला ती चकचकीत दाट झाक येते. सेमी-ग्रेव्ही हा बंगळुरी शब्द त्याच झाकेसाठी. ड्राय नको, ग्रेव्हीही नको, मधलं काहीतरी.

तीन बाटल्या, बुचांना भोकं पाडलेल्या: सोया, लाल मिरची, हिरवी मिरची. चौथी व्हिनेगरची. आणि एक पांढरी पूड, जिला इथं टेस्टिंग पावडर म्हणतात, आपल्याकडे अजिनोमोटो. टोकियोचे किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढलं, त्याचंच हे मीठ. १९६८मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर मान बधिर होते असं एक पत्र छापून आलं आणि ही पूड बदनाम झाली. तेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये भरपूर असतं, त्यांची मात्र कुणी तक्रार करत नाही. माझ्या मते गाडीवर काळजी करायचीच तर ती या पांढऱ्या पुडीची नाही, लाल रंगाची.

कर्नाटकच्या अन्नसुरक्षा खात्यानं २०२४च्या सुरुवातीला राज्यभरातून गोबी मंचुरीचे १७१ नमुने तपासले. त्यांतल्या १०७ नमुन्यांत सनसेट यलो, टार्ट्राझीन, कार्मोइसिन असे कृत्रिम रंग निघाले. म्हातारीच्या केसांत, म्हणजे त्या गुलाबी कापसासारख्या मिठाईत, तर ऱ्होडामाइन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडला. ११ मार्च २०२४ला आरोग्यमंत्री दिनेश गुंडू राव यांनी दोन्ही पदार्थांत कृत्रिम रंग वापरायला बंदी जाहीर केली. शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, शिवाय १० लाखांपर्यंत दंड. बातमी देशभर गेली ती 'गोबीवर बंदी' अशी, आणि आईचा साताऱ्याहून फोन आला, आता खाणार काय म्हणून. बंदी गोबीवर नव्हती, रंगावर होती. गोव्यात मात्र रोख खुद्द गोबीवरच होता. वास्कोला दामोदर सप्ताहाच्या जत्रेत गोबीच्या गाड्यांना आवर घालावा असं तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२मध्ये मुरगाव पालिकेला कळवलं होतं, आणि २०२४च्या जानेवारीत म्हापशाच्या पालिकेनं बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी गोबी मंचुरियनवरच बोट ठेवलं. देवाच्या जत्रेत खाज्याशेजारी मंचुरियन इतकं रुजलं होतं की पालिकेला ठराव करावा लागला.

मला यात टोचतं ते वेगळंच. साताऱ्याहून येताना मी मिरजेला राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडली होती. बेळगाव, धारवाड, हुबळी, हावेरी करत ती रात्रभर कर्नाटकातून खाली उतरते. हावेरीनंतर वाटेत एक स्टेशन लागतं ते ब्याडगी. तीच, आपल्या वाण्याकडची सुरकुतलेली ब्याडगी मिरची. तिखट कमी आणि रंग भरपूर. तिच्या रंगापायी तिचा अर्क काढून परदेशी पाठवतात, लिपस्टिकमध्येसुद्धा तो जातो. २०११मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्या पुढे दावणगेरे, मक्याचा मुलूख. म्हणजे गोबीच्या प्लेटमधला स्टार्च आणि लाल रंग, दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत पिकतात. आणि त्याच राज्यात गोबी रंगवायला बाटलीतला रंग लागतो, कारण ब्याडगी महाग आणि बाटली स्वस्त. शिवाय मिरचीचा लाल रंग तेलात जरा काळवंडतो, तर बाटलीतला विजेच्या दिव्याखाली चमकतो. गाडीला दुरून बोलावणारा रंग लागतो.

या गाड्यांवर आणि हॉटेलांच्या भटारखान्यांत उभी असलेली माणसं कोण? आमचे अण्णा हासनचे, पण बंगळुरात नूडल्सची कढई हलवणारी कितीतरी मुलं नेपाळची, आसामची, मणिपूरची असतात. मोमो तर त्यांच्याबरोबर आणि तिबेटी लोकांबरोबरच आले. म्हैसूरजवळच्या बैलकुप्पेला १९६०-६१पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, तिथली पोरं शिकायला बंगळूरला येतात. ऑगस्ट २०१२मध्ये ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाइलवर फिरल्या आणि हजारो मुलंमुली बंगळूरच्या स्टेशनवर जमली. गुवाहाटीला खास गाड्या सोडाव्या लागल्या. काही दिवसांनी बरेचजण परतले. याच मुलांना रस्त्यात कुणीतरी 'ए चायनीज' अशी हाक मारतं. मिझोरामच्या माझ्या सहकारिणीला विचारलं की तिला गोबी आवडते का, तर म्हणाली, आवडते, पण मागवताना 'चायनीज' हा शब्द ती उच्चारत नाही.

रंगबंदीनंतरच्या आठवड्यात अण्णांच्या गाडीवर गेले. ढीग नेहमीसारखा लाल नव्हता, विटकरी होता. भज्यांसारखा. अण्णांनी ड्रॅगनखाली पुठ्ठ्यावर कन्नडमध्ये काहीतरी लिहून लावलं होतं. एव्हाना मला अक्षरं लावून वाचता यायला लागली होती: 'कलर इल्ला', रंग नाही. चव कशी आहे विचारलं. म्हणाले, चव तीच आहे अक्का, पण लोक लांबून बघतात आणि पुढे जातात. मग त्यांनी हळूच डबा उघडून दाखवला. ब्याडगीची पूड, घरून आणलेली. थोडी टाकून बघतोय म्हणाले, परवडलं तर.

माझ्यामागे एक मुलगा येऊन उभा राहिला. पाठीवर ऑफिसची बॅग, हातात मोबाइल, बहुधा आठवड्याभरापूर्वीच या गावात उतरलेला. पुठ्ठ्याकडे बघितलं, अक्षरं लागली नाहीत. हिंदीत विचारलं, भैया, मंचुरियन है क्या? अण्णांनी त्याला विचारलं, "खारा बेका?"

तो म्हणाला, "नहीं नहीं, नमक कम."